आठ बाय दहाचा फ्लेक्स, लाकडी फ्रेमसहित

मी ज्या दुकानातून फ्लेक्स छापून घेते त्याला माझे पाचपैकी चार तारे. पहिले कामाचं सांगते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीत फ्लेक्सच्या ऑर्डरी घेणारे बरेच आहेत, पण त्यातले काही नुसती ऑर्डर घेतात आणि छपाई वर्ध्याहून नाहीतर अमरावतीहून करून आणतात. मी ज्या दुकानात जाते तिथे मशीन घरचं आहे. सकाळी मजकूर दिला की संध्याकाळच्या एसटीत गुंडाळी आपल्या मांडीवर. नॉर्मल फ्लेक्स १२ रुपये चौरस फूट, जाड स्टार फ्लेक्स २० रुपये, लाकडी फ्रेम आणि ठोकायची मजुरी वेगळी. आठ बाय दहाचा साधा फ्लेक्स ९६० रुपयांना पडतो, फ्रेम धरून दीड हजाराच्या आत काम होतं. रंग भर उन्हातही दोन महिने धरतो. आधी लाल-पिवळा उडतो, निळा शेवटपर्यंत राहतो, म्हणून मी अक्षरं निळीच करून घेते. कडा दुमडून चिकटवून, रिंगा मारून देतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत.

दुकानाचं नाव टाकत नाही. मालकांनीच नको म्हटलं. "सगळ्याच पक्षाचे लोक येते ताई, एखाद्याच्या डोळ्यात आलो तं पंचाईत."

मी तालुक्यातल्या एका नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर, पडवीत शिलाई मशीन. दुकानात माझं जाणं महिला ग्रामसभा, बचत गटाचा मेळावा, ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती अशा कारणांनी होतं. पण छपाई होऊन शाई वाळेपर्यंत बसून राहावं लागतं, आणि तिथल्या बाकड्यावर बसून मला जेवढं राजकारण कळलं तेवढं पंचायतीच्या मासिक सभेत कळलं नाही. तालुक्यातले पोट्टे पक्षात कसे शिरतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने पक्षांच्या कार्यालयात चकरा मारू नये, तिथे निवडणूक सोडून बाकी वेळ कुलूप असतं. या बाकड्यावर एक दुपार बसावं.

फ्लेक्सवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सगळ्यात वर महापुरुष, त्याखाली दिल्लीचे नेते, मग मुंबईचे, मग जिल्ह्याचे, मग आमदार किंवा आमदार होऊ पाहणारे. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, पांढऱ्या शर्टात, हात जोडून, कमरेपर्यंत. आणि तळाला पट्टी. पट्टीत गोल चौकटीतले छोटे फोटो, दहा-बारा-पंधरा, बसतील तेवढे. त्याच्याही खाली फक्त नावं, शुभेच्छुक म्हणून. ही सगळी रचना डिझाइन करणाऱ्या ऑपरेटरला तोंडपाठ आहे. कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी चालत नाही, कोणाला कोणापेक्षा बोटभर लहान ठेवायचं, कोणते दोन भाऊ, म्हणजे नेते, सध्या बोलत नाहीत, हे तो कोरलड्रॉत काम करता करता सांगतो. नवीन पोरं त्यालाच विचारतात. एकदा एका पोराने जिल्ह्याच्या एका मोठ्या नेत्याचा फोटो विसरला, तर ऑपरेटरने स्वतःहून टाकला आणि म्हणाला, "राहू दे, नाही तं उद्या फाडून टाकतीन."

आत शिरायची पायरी म्हणजे ती तळाची पट्टी. बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेले पोट्टे वर्गणी मोजत होते. गावातल्या कुणा जिल्हा परिषद इच्छुकाचा वाढदिवस. ज्याने दोनशे दिले त्याचा फोटो, ज्याने पन्नास दिले त्याचं नाव. एकाकडे दोनशे नव्हते, पण त्याच्याकडे गाडी होती आणि फ्लेक्स गावात नेऊन बांधायचा होता, म्हणून त्याचाही फोटो घेतला. नियम असे लवचिक असतात. दोन-तीन वाढदिवस असे गेले की पोरगा पद मागतो. पद कसं मिळतं तेही मी ऐकलं आहे.

"पद काय टाकू?" ऑपरेटर.

"थांब, भाऊले विचारतो."

फोन लागला. भाऊ बहुतेक लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

"भाऊ म्हन्ते, सर्कल संघटक टाक."

"संघटक तं मागच्या हप्त्यात दुसऱ्याले देला. फाइल माह्याजवळच हाये, पाह्य."

पुन्हा फोन. "बरं, मंग सहसंघटक टाक."

झाली नेमणूक. दुसऱ्या दिवशी नियुक्तीपत्रही इथेच छापलं, जाड कागद, रंगीत, लॅमिनेशन धरून साठ रुपये. त्यात 'पक्षाची ध्येयधोरणे तळागाळापर्यंत पोहोचवाल असा विश्वास आहे' हे वाक्य असतंच. ते सगळ्या पक्षांच्या पत्रात सारखंच आहे, कारण ऑपरेटर एकाच फाइलवर नाव आणि चिन्ह बदलतो. मग तिसऱ्या दिवशी निवडीबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स, ज्याची ऑर्डर निवड झालेला स्वतःच देतो आणि खाली लिहितो, समस्त मित्रपरिवार.

हसू येतं. पण त्या पोरांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पक्षात यायला दुसरं दार कोणतं होतं त्यांच्यासाठी? मी आर्वीला बी.कॉम. केलं. कॉलेजातल्या थेट निवडणुका आमच्या जन्माच्या आधीच, १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणायची तरतूद झाली, आम्हाला सरांनी वर्गात तसं सांगितलंही, पण मी पदवी घेऊन बाहेर पडले तरी मतपेटी काही दिसली नाही. इकडे मार्च २०२२ मध्ये वर्धा जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणूक वर्षानुवर्षे पुढे गेली. पंचायत समितीचंही तेच. म्हणजे ज्या निवडणुकीत तालुक्यातला पोरगा खरोखर काही शिकतो, पंचायत समितीच्या गणात फिरतो, मतदार यादी हातात घेतो, कोणत्या घरात कोण रागावलेला आहे हे ओळखायला लागतो, ती निवडणूकच इतकी वर्षं झाली नाही. निवडणूक नसली की कार्यकर्ता धरून ठेवायला पक्षाजवळ काय उरतं? वाढदिवस. आणि वाढदिवस या दुकानातून जातात. आमच्याकडे गेली काही वर्षं लोकशाहीचं मुख्य काम फ्लेक्सवाल्याने सांभाळलं असं मी मालकांना म्हटलं तर ते म्हणाले, "मंग सरकारनं आमची लाइट तरी माफ कराव."

माझे मोठे बाबा शेतकरी संघटनेचे. शरद जोशींची सभा ऐकायला बंडीने गेलेले. लाल गोल बिल्ला अजून देवघराच्या फळीवर आहे. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला म्हणून काही दिवस नागपूरच्या जेलात काढले, आणि ते दिवस ते अजूनही सासुरवाडीला गेल्यासारखे सांगतात. त्यांना कुणी पद दिलं नव्हतं, फोटो तर लग्नानंतर थेट मतदार ओळखपत्रावर निघाला. ते माझ्यासोबत एकदा दुकानात आले. भिंतीवरचे नमुने पाहून विचारलं, "याईनं केलं काय हाये?" ऑपरेटर म्हणाला, "बाबा, आता फोटो आधी लागते, काम मागून."

मोठ्या बाबांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पट्टीतल्या त्या गोल फोटोंपैकी दोघा-तिघांना मी ओळखते आणि ते खरंच राबतात. गावात कुणाला साप चावला, कुणाची बाळंतीण अडली की रात्री-बेरात्री गाडी काढून सेवाग्रामच्या दवाखान्यात नाहीतर सावंगीला नेणारे तेच. केसपेपर कुठे काढायचा, योजनेचं कार्ड चालतं की नाही, रक्त कुठे मिळेल, हे त्यांना घरच्यासारखं माहीत. ही रुग्णसेवा आमच्याकडे राजकारणातली सगळ्यात सच्ची भरती आहे असं माझं मत आहे. ज्याला तुम्ही रात्री दवाखान्यात नेलं तो तुमचा फ्लेक्स वाचत नाही, तुमचा फोन नंबर पाठ करतो. दुसरी वाट रात्रीच्या टेनिस बॉल सामन्यांची, जिथे पहिलं बक्षीस देणारा भाऊ आणि मैदान आखणारे पोट्टे यांची गाठ पडते. तिसरी गणपती-दुर्गेच्या मंडळांची. बाकी मिस्ड कॉल, ॲपवरून सदस्यता वगैरे आहेच, पण मोबाइलवर सदस्य झालेला पोरगा पक्षाच्या बैठकीला आलेला मी पाहिला नाही.

सगळ्या फ्लेक्समध्ये मला चीड आणणारा एकच प्रकार, आणि त्यात दुकानाचा दोष थोडाच आहे. आष्टी आमच्या शेजारचा तालुका. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, तिथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, जीव गेले. त्यात आमच्या वयाची पोरं होती. दरवर्षी त्या दिवसाचे अभिवादनाचे फ्लेक्स इथे छापतात आणि त्यात हुतात्म्यांसाठी एक ओळ, अभिवादन करणाऱ्यांसाठी उरलेला सगळा फ्लेक्स. ऑपरेटरला म्हटलं, हुतात्मे मोठे कर ना रे. तो म्हणाला, "त्याईचे पैसे कोण देते ताई?"

आता मुलींचं. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा महिनाभर हे दुकान रात्री बारापर्यंत उघडं होतं. गावोगावी मदत केंद्रांचे फ्लेक्स, सगळ्या पक्षांचे. आमच्या गावातही मंदिराच्या ओट्यावर मदत केंद्र लागलं. तिथे मोबाइलवर नारीशक्ती दूत ॲप उघडून, रेंजसाठी ओट्याच्या कोपऱ्यात उभं राहून, बायकांचे आधार आणि पासबुकाचे फोटो चढवणाऱ्या कोण? अंगणवाडी ताई, आणि कॉलेजात जाणाऱ्या तीन मुली. मागे फ्लेक्सवर कोण? सोळा पोट्टे. त्यातल्या निम्म्यांना ओटीपी आलेला कुठे टाकायचा तेही माहीत नव्हतं. त्या तिघींपैकी एकीला मी विचारलं, तुझा फोटो का नाही? ती म्हणाली, "बाबा रागावतीन, अन् चौकात लागला तं पोट्टे मोबाइलमधी काढून ठेवतीन." हे खरं आहे, यावर मला तेव्हा काही बोलता आलं नाही. तालुक्यातल्या पक्षांच्या युवती आघाड्या मी पाहते, त्यात नेत्यांच्या पुतण्या आणि सुना जास्त दिसतात, कारण त्यांचा फोटो कुणी मोबाइलमध्ये काढत नाही, काढायची हिंमत नाही.

माझा स्वतःचा पहिला फ्लेक्स डिसेंबर २०२२ चा. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, सगळं पॅनलवर चालतं. पक्ष असतात, पण पडद्यामागे, आणि कोणत्या पॅनलच्या चहाचे पैसे कोणता पक्ष देतो हे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. ७ डिसेंबरला दुपारी अर्ज मागे घ्यायची वेळ संपली, चिन्हं वाटली गेली आणि संध्याकाळपर्यंत अर्धा तालुका या दुकानाच्या पायऱ्यांवर. मला कपबशी आली होती. ऑपरेटरने आयोगाच्या यादीतली सगळी चिन्हं आधीच काढून एका फोल्डरमध्ये नावानिशी लावून ठेवली होती, म्हणून आमच्या गावचं काम दहा मिनिटांत. त्या रात्री दुसऱ्या ठिकाणी गेलेल्यांना गॅस सिलिंडरऐवजी फुगा छापून मिळाल्याचंही ऐकलं.

मालकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "साहेबायचा फोटो?"

"लग्न नाही झालं, काका."

"मंग बाबाचा?"

"बाबा उभे नाहीत. मी आहे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही न बोलता माझा एकटीचा फोटो मधोमध घ्यायला सांगितलं. पुढच्या काही दिवसांत आणखी दोन गावच्या उमेदवार बायकांनी तसाच मागितला असं त्यांनीच नंतर सांगितलं. पण प्रूफ पाहिलं तर मी ओळखू येत नव्हते. ऑपरेटरने मला सायीसारखं गोरं करून ठेवलं होतं, वर ओठ गुलाबी. म्हटलं, माझ्या वॉर्डातल्या बायकांनी मला आयुष्यभर वावरात पाहिलं आहे, त्या म्हणतील ही कोण उभी आहे? परत करून घेतलं. ही यांची जुनी खोड आहे, पुरुषांनाही गोरं करतात, बायकांना जरा जास्तच. प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं ते झूम करून पाहा आणि 'रंग ओरिजनल ठेवा' असं लिहून पाठवा.

बिलाच्या बाबतीत मात्र या दुकानाला पैकीच्या पैकी. सात-नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला तेव्हा, २०२२ मध्ये, खर्चाची मर्यादा २५ हजार होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोरापोरींना हे कुणी सांगत नाही. पॅनलप्रमुख म्हणतो मी पाहून घेतो, सगळ्यांचं बिल एकत्र होतं, आणि नोटीस मात्र ज्याच्या त्याच्या नावाने येते. काकांनी न मागता प्रत्येक उमेदवाराचं बिल वेगळं, तारीख आणि मापासकट दिलं, आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव टाकलं. उभं राहायचं वय २१, तेव्हा मी २३ ची होते, आणि तहसीलमध्ये हिशेब देताना माझ्या फाइलमध्ये एकही कागद कमी निघाला नाही.

आता एक तारा मी का कापला ते. उधारी. काऊंटरखाली लांब वही आहे. भाऊ फोनवर म्हणतात, "छाप, माह्या खात्यावर टाक." भाऊंचं खातं कधी चुकतं होत नाही, आणि दिवाळीनंतर कापूस विकायला निघाला की काका ऑर्डर घेऊन आलेल्या पोराच्या बापाला गाठतात. मला हे मुळीच आवडत नाही. भाऊंकडे मागायची हिंमत नसेल तर भाऊंची ऑर्डर घेऊ नये. काकांचं म्हणणं, भाऊंना नाही म्हटलं तर उद्या नगरपालिकेचा माणूस पाटी मोजायला येतो. असेल. पण आमच्या शेजारचा एक पोरगा अशाच चार हजारांपायी पक्ष सोडून दुसऱ्यात गेला, कारण दुसऱ्या भाऊंनी ती उधारी भरली. पक्षांतराचं कारण वर्तमानपत्रात 'विकासकामांवर विश्वास ठेवून' असं आलं. त्याचा नवा फ्लेक्सही इथेच निघाला. फोटो तोच, हात तसेच जोडलेले, ऑपरेटरने गळ्यातल्या दुपट्ट्याचा रंग बदलला फक्त. त्याला याची सवय आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी जुलैत राष्ट्रवादी फुटली, तेव्हा त्याने एकेका पक्षाच्या फोल्डरचे दोन-दोन फोल्डर केले, आणि कोणता पोरगा कोणत्या फोल्डरात गेला हे ठरेपर्यंत कित्येकांचे फोटो डेस्कटॉपवर तसेच पडून होते.

टिकाऊपणाबद्दल वेगळं सांगायला नको. माझा निवडणुकीचा स्टार फ्लेक्स तीन पावसाळे सोयाबीनच्या गंजीवर होता, उलटा टाकलेला, कड कुठे सुटली नाही. गावात बकऱ्यांच्या अर्ध्या गोठ्यांवर कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस आहे. स्टार फ्लेक्सला चौरस फुटामागे आठ रुपये जास्त पडतात, पण पुढे गंजीवर टाकायचा विचार असेल तर तोच घ्या. नॉर्मल एका पावसाळ्यात चिरतो.

ऑर्डर देताना मजकूर कागदावर लिहून न्या, तोंडी सांगाल तर ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही, माझ्या बचत गटाच्या मेळाव्याला एकदा 'महिला मेळवा' झालं होतं आणि ते मी घरी येऊन पाहिलं. १४ एप्रिल, पोळा, गणपती आणि कुठल्याही आमदाराच्या वाढदिवसाच्या आधीचे चार दिवस टाळा. फ्रेम हवी असेल तर एसटीत चढवू देत नाहीत, गुंडाळी घ्या आणि गावातल्या सुताराकडून रिपा ठोकून घ्या, स्वस्तही पडतं. फोनपे चालतं, पण दुपारी रेंज जाते, म्हणून रोख सोबत असू द्या. बिल मागा, ते देतात.